कुठे उघडायचे?

कणा उघडून मज्जारज्जूवरचा दाब दूर करण्याच्या शस्त्रक्रियेचे मूळ शोधताना आपण प्रथम इजिप्तमध्ये पोहोचतो. इसवी सनपूर्व 1600 च्या सुमारास लिहिलेला एक पपायरस एडविन स्मिथ यांनी 1862 मध्ये लक्सरला विकत घेतला. त्यात मानेचा मणका निखळलेला एक माणूस आहे. त्याला हातापायांची जाणीव नाही, लघवी आपोआप गळते, आणि वैद्याने हा आजार उपचारापलीकडचा ठरवला आहे. सातव्या शतकात एजिनाच्या पॉलने मणक्याचे रुतलेले तुकडे काढावेत असे सुचवले. लंडनमध्ये हेन्री क्लाइन यांनी 1814 मध्ये तसा प्रयत्न केला, पण रुग्ण दगावला. 1829 च्या सुमारास अमेरिकेतील केंटकीत अल्बन स्मिथ यांचा रुग्ण मात्र वाचला.

या सगळ्यांना जखम बाहेरून वाट दाखवत होती. आत वाढणारी गाठ कुठे आहे हे कोण सांगणार? आता आपण 1887 च्या लंडनमध्ये येऊ. कॅप्टन गिल्बी नावाच्या गृहस्थांना तीन वर्षांपासून पाठीत असह्य वेदना होत होत्या. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले. पुढे पाय लुळे पडले, लघवी अडली. विल्यम गॉवर्स यांनी वेदनेचा पट्टा आणि बधिरतेची सीमा तपासून मज्जारज्जूवर गाठ असल्याचे निदान केले आणि व्हिक्टर हॉर्स्ली यांना बोलावले. 9 जूनला हॉर्स्लींनी मणक्यांच्या मागच्या कमानी कापल्या. गाठ दिसेना! मज्जारज्जूचा भाग त्याच क्रमांकाच्या मणक्याहून वर असतो, हे कोडे त्या खोलीत सगळ्यांसमोर उभे होते. साहाय्यक चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी वर जाण्याचा आग्रह धरला. वरची एक कमान काढताच बदामाएवढी गाठ हाती आली. वर्षभराने गिल्बी चालत-फिरत होते, कामही करत होते. माझ्या मते त्या दिवसाचा मान सुरीइतकाच गॉवर्सच्या तपासणीचा आणि बॅलन्सच्या हट्टाचा आहे.

पुढे 1921-22 च्या सुमारास पॅरिसमध्ये सिकार आणि फॉरेस्टिए यांनी कण्यात आयोडीनयुक्त तेल सोडून एक्स-रेवर अडथळा दाखवला. त्यानंतर शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक आला, एमआरआय आला. आज सुरी उचलण्यापूर्वीच गाठीची नेमकी जागा दिसते. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे: चालताना पाय अडखळू लागले, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटू लागले, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर गिल्बींसारखी तीन वर्षे जाऊ देऊ नका, लगेच डॉक्टर गाठा.