वास्तुशांतीच्या आधीची परीक्षा

नवे घर घेतले की राहायला जाण्याची तयारी मुहूर्तापासून सुरू होते आणि वास्तुशांतीला पुरी झाली असे आपण मानतो. ही परंपरा जुनी खरी, पण तिचा निम्मा भाग आपण विसरलो आहोत. आश्वलायन गृह्यसूत्रात शांतीच्या आधी परीक्षा येते. गुडघाभर खड्डा खणायचा आणि निघालेल्या मातीनेच तो बुजवायचा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. मग सूर्यास्तानंतर खड्डा पाण्याने भरून ठेवायचा. सकाळी पाणी टिकलेले दिसले तर उत्तम, नुसती ओल असली तर मध्यम, कोरडा पडला असेल तर ती जागा सोडायची. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत रात्रभर थांबण्याऐवजी शंभर पावले जाऊन परत यायला सांगितले आणि तेवढ्यात पाणी किती घटले ते पाहायला सांगितले. घट्ट बसलेली माती उपसली की फुगते, पोकळ भरावाची पुरत नाही; म्हणजे कसोटीमागे निरीक्षण होते. याच ग्रंथांत मातीचा रंग वर्णानुसार वाटून दिला आहे, तेव्हा हे सगळेच टाकून द्यावे, असे कोणी म्हणेल. ती वाटणी टाकलीच पाहिजे. खड्ड्याच्या परीक्षेला मात्र तिचा आधार लागत नाही, ती स्वतंत्रपणे तपासता येते.

ही रीत स्वतः घर बांधणाऱ्यासाठी होती. मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, पुढे मालकीचे फ्लॅट आले आणि घर घेणाऱ्याचा जमिनीशी संबंध तुटला. विधी मागे राहिला: वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यातल्या फरशीखाली गेली. परीक्षेची जागा मात्र कितीतरी वर्षे रिकामी होती. माझ्या मते ती भरून काढली ती 1963 च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने. जमिनीची मालकी, तिच्यावरचा बोजा आणि मंजूर नकाशे ग्राहकाला दाखवणे त्याने बिल्डरवर बंधनकारक केले. 2016 च्या रेरा कायद्याने तर नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास मनाई केली आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे बिल्डरवर टाकली.

कागद खोटे असतात, भोगवटा प्रमाणपत्राशिवायही माणसे राहायला जातात, मग या तपासणीचा उपयोग काय, हा आक्षेप गंभीर आहे. पण अशा घरात पुढे पाणीजोडणीपासून पुनर्विकासापर्यंत जो त्रास होतो, तो बहुधा तपासणी टाळल्यामुळेच होतो. सूत्रकारानेही विक्रेत्याच्या शब्दावर विसंबायला सांगितले नव्हते; खड्डा स्वतः खणायचा होता. आज त्याच्या जागी आपल्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेणे आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात पडल्यावरच भटजींना तारीख विचारणे, हा क्रम मला परंपरेला अधिक धरून वाटतो.