हिरडा : घाटावरचा आणि कायद्यातला

झाडपाल्यावर बोलावयास मी वैद्य नव्हे, आणि वनस्पतिशास्त्र शिकण्याइतकी शाळाही माझ्या वाट्यास आली नाही. हमालांची संघटना बांधता बांधता जे वाचले व पाहिले, तेवढ्याच भांडवलावर आज उभा आहे. हिरडा मी प्रथम पाहिला तो झाडावर नव्हे, पोत्यात. बाजाराच्या आवारात एका गाळ्यापुढे पोते उसवले आणि काळी, सुरकुतलेली फळे फरशीवर पसरली. वाहणारा गडी घाटावरचा होता. गोळा करता करता म्हणाला, "दादा, हे आमच्या दारचं झाड." दारच्या झाडाचे फळ हा परक्याच्या पोत्यात घालून मजुरीने वाहतो, हे मनातून जाईना. माझा अभ्यास तेथून सुरू झाला.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा माथा. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. भात, नाचणी, वरई पोटापुरती. हातात रोख पैसा यावयाचा तो हिरड्याचा. आतली कोय धरण्यापूर्वी कोवळी फळे उन्हाळ्यात उतरवून वाळवतात. हाच बाळहिरडा, आणि औषधाच्या बाजारात त्याला मान. फळ झाडावरच पिकू दिले तर त्याचे गिऱ्हाईक निराळे, कातडी कमावणारा. हिरड्यातील टॅनिन कातड्यातील प्रथिनांना जखडून ठेवते, म्हणून कातडे कुजत नाही. त्याच टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळाभोर रंग होतो. जुन्या शाईतही हिरडा असे. एकोणिसाव्या शतकात हा माल मुंबई बंदरातून विलायतेच्या चर्मालयांकडे रवाना होई.

औषध म्हणून त्याची थोरवी सांगावयास नको. बेहडा आणि आवळा जोडीला घेतले की त्रिफळा झाला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच प्रकरणाच्या नावात हिरडा व आवळा आहेत. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची हिरड्याशी ओळख चरकाने करून दिलेली नाही. ती करून दिली आजीने, सहाणेवर. बाळगुटीत हिरड्याचे वळसे मोजून द्यावयाचे, वेखंडाचे किती, हळकुंडाचे किती, हे तिला तोंडपाठ. गुटीतली मुरुडशेंगही डोंगरातलीच. तिची शेंग दोरासारखी पिळवटलेली, म्हणून पोटाच्या मुरड्यावर ती चालते अशी समजूत. रूपावरून गुण ठरविण्याची ही रीत शास्त्राला मान्य होणार नाही. पण ज्याला अक्षर येत नाही त्याला झाड लक्षात ठेवण्याची याहून सोपी युक्ती मला तरी ठाऊक नाही. ग्रंथ आधी की सहाण आधी, असे विचाराल तर माझे मत सहाणेकडे आहे.

ही झाडे राखली कोणी? याच डोंगरात देवराया आहेत. राईतली वाळकी काटकीही घरी नेऊ नये, नेली तर देव कोपतो, अशी श्रद्धा. श्री. वा. द. वर्तक आणि श्री. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात या राया पायी हिंडून पाहिल्या. श्रीवर्धनकडील गाणी गावच्या राईत त्यांना गारंबीचा एक प्रचंड वेल आढळला. गुराला साप चावला की त्याची साल न्यावयास लांबलांबच्या गावांहून माणसे येत. सालीने विष उतरते की नाही हा वेगळा प्रश्न. वेल मात्र त्या विश्वासाने वाचला.

सरकारची राखण दुसऱ्या तऱ्हेची. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगले आखली, आणि कालपर्यंत आपल्या रानात जाणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ साली जंगल खात्यावर कोरडे ओढले ते उगाच नव्हे. १९२७ चा कायदा मी स्वतः शब्द लावून लावून वाचला. वनोपज कशाला म्हणावे याच्या व्याख्येत लाख, काथ, मोहाची फुले यांच्या पंगतीला हिरडा नावानिशी बसविलेला आहे. आणि तोही जंगलातून आणलेला असो वा नसो! म्हणजे माझ्या त्या गड्याच्या दारचे फळदेखील कायद्याच्या लेखी वनोपजच. गौण वनोपजावरील मालकी वनवासी माणसाच्या नावे कागदावर आली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने.

पुढे ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले. या तीन तालुक्यांत हिरड्याची झाडे मोडली, कित्येक मुळासकट उन्मळली. नवीन रोप लावून फळ धरावयास वर्षानुवर्षे लागतात, त्यामुळे बुडाले ते एका हंगामाचे पीक नव्हे. पंचनामे झाले. परंतु १९२७ च्या व्याख्येत चटकन सापडलेला हिरडा भरपाईच्या वेळी लवकर सापडेना, आणि लोकांना त्यासाठी पुढे काही वर्षे मोर्चे काढावे लागले. त्या मोर्च्यांत बायका पुष्कळ होत्या. वैशाखाच्या उन्हात हिरडा वेचतात आणि वाळवतात त्याच.