नाशिक जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतली चित्रकला

मुंबई इलाख्यातल्या शाळांत चित्रकला आली ती कुशल कारागीर घडावेत म्हणून. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेत ठरलेली पद्धत इथे जशीच्या तशी उतरली. मुलाने आधी सरळ रेघ गिरवायची, मग वक्ररेषा, त्यानंतर छापील नमुन्यावरून पान किंवा नक्षी हुबेहूब काढायची. मनातले चित्र काढायला या क्रमात जागाच नव्हती. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १८७९ पासून ड्रॉइंग हा विषय शिकवला जाऊ लागला आणि १८९३ मध्ये ड्रॉइंग शिक्षकांसाठी वेगळा अभ्यासक्रम निघाला. नाशिककडच्या मुलाला कला शिकायची तर मुंबई गाठावी लागे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये याच कलाशाळेत दाखल झाले.

शासकीय रेखाकला परीक्षांनी हा विषय माध्यमिक शाळांत पक्का रुजवला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे त्यांतल्या एलिमेंटरी परीक्षेचे विषय महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ आहेत. या परीक्षांमुळे चित्रकलेच्या तासाला मान मिळाला, कलाशिक्षकाला शाळेत स्थान मिळाले. मात्र या परीक्षा मोठ्या वर्गांतल्या मुलांसाठी असल्याने पहिली ते चौथीची मुले या सगळ्या व्यवस्थेबाहेरच राहिली.

लहान मुलांचा विचार झाला तो बालशिक्षणाच्या चळवळीत. गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ मध्ये कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. विकतच्या महागड्या साधनांऐवजी तिथे माती, खडे, बिया, पाने, शिंपले असे परिसरातले साहित्य वापरले गेले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीनेही हस्तोद्योगाला शिक्षणाचा गाभा मानले, पण तिचा भर उत्पादक कामावर, विशेषतः सूतकताईवर राहिला. मुलाच्या हाताला मोकळीक कोसबाडनेच अधिक दिली.

नाशिकच्या पश्चिमेचे पेठ आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके जव्हार-मोखाड्याला लागून आहेत आणि तिथेही वारली वस्ती आहे. वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाचे पांढरे चित्र उमटते, आणि मुली ते पाहत पाहत शिकतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ही चित्रे कागदावर आणली. पुढे त्रिकोण, वर्तुळ आणि रेषांची ही भाषा शाळांच्या चित्रवह्यांतही शिरली. लहान मुलांना ती चटकन जमते, कारण तीन आकारांत माणूस, बैल, झाड सगळे उभे राहते.

बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकांत कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र आले. ठसेकाम, कागदकाम, मातीकाम, रांगोळी यांना त्यामुळे वेळापत्रकात जागा मिळाली. गणपतीच्या दिवसांत शाडूच्या मातीची मूर्ती घडवण्याचा उपक्रम नाशिकच्या अनेक शाळांत होतो, आणि वर्षभरात मुलांचा मातीशी सर्वांत जास्त संबंध येतो तो तेव्हाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुले असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. तिथे भाषा आणि गणित शिकवणारे वर्गशिक्षकच चित्रकलेचाही तास घेतात.