लायसनचे दोन आठ

मंडळी, नाशिकचं आरटीओ आपल्याच पेठ रोडवर. तिथं पाय न टेकता बाइकनं 8 काढायचा, हे सगळ्यांना ठाऊक. पण भाड्याची जीप, ट्रक चालवायचा तर आणखी एक आठ आडवा यायचा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 8 खाली अट होती: आठवी पास.

सावळघाटात भर पावसात गाडी उतरवील असा आपला माणूस, शाळा चौथीत सुटली म्हणून कायम क्लीनरच!

2019 ला केंद्रानं ही अट काढली. मागणी होती हरियाणा सरकारची, मेवातच्या ड्रायव्हरांसाठी. फायदा आपलाही झाला.

गाडी चालवायची परीक्षा आहेच, ती हवीच. पण आठवी नाही म्हणून कुणी नाद सोडला असेल, तर त्याला आजच सांगा.