विंडोलंडा : ओल्या मातीने जपलेले रोमन सैनिकांचे जग

प्राचीन रोम म्हटले की भव्य कोलोझियम, विजयी सेनापती आणि शिस्तबद्ध पलटणी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. मात्र रोमच्या सीमेवरील साधा सैनिक कसा जगत होता, याचा जिवंत पुरावा रोममध्ये नव्हे, तर उत्तर इंग्लंडमधील विंडोलंडा या लष्करी तळावर सापडला आहे.

इ. स. १२२ मध्ये सम्राट हेड्रियनने ब्रिटनमध्ये सुमारे ११७ किलोमीटर लांबीची तटबंदी बांधण्यास प्रारंभ केला. विंडोलंडाचा तळ त्याहून जुना आहे. येथे १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना उत्खननात लाकडाचे पातळ तुकडे आढळले. एकमेकांना चिकटलेले दोन तुकडे विलग करताच आत शाईने लिहिलेला मजकूर दिसला. हवा लागताच अक्षरे पुसट होऊ लागली. परंतु अवरक्त छायाचित्रणामुळे ती वाचता आली.

पोस्टकार्डाएवढ्या या पट्टिकांतील मजकूर आश्चर्यकारक आहे. एका पत्रात मोजे, चपलांचे दोन जोड आणि अंतर्वस्त्रे पाठविल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या पत्रात मॅस्क्युलस नावाचा अधिकारी आपल्या सैनिकांकडील बिअर संपली असून ती पाठवावी, अशी विनंती करतो.

तुंग्रियन तुकडीच्या एका हजेरीपत्रकानुसार एकूण ७५२ जणांपैकी ४५६ जण अन्यत्र कामगिरीवर होते. उर्वरित २९६ पैकी ३१ जण कामास असमर्थ होते. त्यांत १५ आजारी, सहा जखमी, तर दहा जणांना नेत्रविकार होता. कागदावरील सैन्य आणि प्रत्यक्ष सज्ज सैन्य यांतील ही तफावत रोमलाही चुकली नव्हती.

विशेष म्हणजे हे सैनिक रोमचे रहिवासी नव्हते. तुंग्रियन आजच्या बेल्जियममधील, तर बटेव्हियन आजच्या नेदरलँड्समधील होते. अशा साहाय्यक दलांतील सैनिकांना सामान्यतः २५ वर्षांच्या सेवेनंतर रोमचे नागरिकत्व मिळत असे.

या पट्टिकांमध्ये स्त्रियांचा आवाजही आहे. इ. स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेवेरा हिने बटेव्हियन तुकडीच्या प्रमुखाची पत्नी सल्पिशिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबर रोजी होणाऱ्या आपल्या वाढदिवसाचे निमंत्रण धाडले होते. लेखनिकाच्या मजकुराखाली तिने स्वहस्ते काही ओळी लिहिल्या आहेत. स्त्रीने लिहिलेल्या लॅटिन हस्ताक्षराच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांमध्ये त्यांची गणना होते.

इ. स. १०५ च्या सुमारास बटेव्हियन तुकडीने तळ सोडताना काही कागदपत्रे पेटवून दिली; मात्र पावसामुळे आग विझली असावी, असे मानले जाते. पुढे जुन्या तळावर माती घालून नवे बांधकाम झाले. ओलसर मातीत प्राणवायू न पोहोचल्याने लाकूड, चामडे आणि कापड कुजले नाही. येथे हजारो पादत्राणे मिळाली आहेत. २०१७ च्या उत्खननात मुष्टियुद्धाचे चामडी हातमोजेही सापडले.

हा ओलावाच आता धोक्यात आहे. हवामान बदलामुळे जमीन कोरडी पडून तिच्यात प्राणवायू शिरल्यास अद्याप न उकरलेले अवशेष झपाट्याने नष्ट होतील, अशी चिंता पुरातत्त्वज्ञ व्यक्त करतात. जी पत्रे सुमारे १९०० वर्षे टिकली, तशी आणखी किती पत्रे वाचता येतील, हे त्या मातीच्या ओलाव्यावर अवलंबून आहे.