गेमवरचा वयाचा शिक्का

मोबाइलवर गेम घेताना ‘१२+’ असा आकडा दिसतो ना? अशा शिक्क्यांची एक गोष्ट अमेरिकेतली. १९९२ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम आला. नुसतं रक्त! आईबाप चिडले, १९९३मध्ये सिनेटमध्ये सुनावणी झाली. सरकार कायदा करेल या धास्तीनं १९९४मध्ये गेम कंपन्यांनीच शिक्के देणारं मंडळ काढलं. म्हणजे तराजू दुकानदाराचाच! तपासणारे अख्खा गेम खेळत नाहीत. कंपनीनं भरलेला फॉर्म आणि पाठवलेली चित्रफीत बघतात. २००५मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’च्या डिस्कमध्ये लपलेली अश्लील दृश्यं उघड झाली. सतराचा शिक्का अठराचा केला, पण तोवर लाखो डिस्क घरोघरी पोचल्या होत्या. आपल्या मोबाइलवरचा आकडाही बनवणाऱ्यानंच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. खेळताना अनोळखी माणूस पोराशी काय बोलेल, हे त्यात धरलेलं नसतं. मी आकडा बघते, आणि मग पोराशेजारी अर्धा तास बसते.