सुईपासून लेपापर्यंत

कोंबड्याचा तुरा हा वैद्यकाच्या इतिहासातील एक मोलाचा साक्षीदार आहे. १८४९ साली जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड या प्राध्यापकाने सहा तरुण कोंबड्यांवर एक प्रयोग केला. दोघांचे वृषण त्याने पूर्णपणे काढून टाकले. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण मूळ जागेवरून सोडवून दुसरीकडे ठेवला. पहिल्या दोघांचा तुरा आक्रसला, आरवणे मंदावले, झुंजण्याची खुमखुमी गेली. बाकीचे चौघे मात्र पूर्वीसारखेच आरवत व भांडत राहिले. हलविलेल्या वृषणाचा मज्जातंतूंशी संबंध तुटलेला होता. तेव्हा पौरुषाचा हा निरोप रक्तावाटेच जात असला पाहिजे, असे बेर्टोल्डने ताडले. चार पानांच्या त्या निबंधाकडे पुढे कित्येक दशके कोणी फारसे लक्ष दिले नाही.

गाजावाजा झाला तो १८८९ च्या जूनमध्ये, पॅरिसला. ब्राउन-सेकार हा बहात्तर वर्षांचा ख्यातनाम शरीरशास्त्रज्ञ विद्वानांच्या सभेत उभा राहिला आणि कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्याने आपले गेलेले बळ परत आले, असे त्याने जाहीर केले. लवकरच अशा अर्कांचा बाजार तेजीत आला. वास्तविक वृषण आपला स्राव साठवून ठेवीत नाही, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतही नाही. म्हाताऱ्याला बळ आले ते श्रद्धेचे. पण त्याला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे, आणि बोकडाचे वृषण दुधात शिजवून घेण्याचा योग सुश्रुतसंहितेतही सांगितला आहे.

खरे द्रव्य हाती येण्यास लागलेले कष्ट विलक्षण होते. १९३१ साली आडोल्फ बुटेनांटने पोलिसांकडून गोळा केलेल्या सुमारे पंधरा हजार लिटर मूत्रातून अँड्रोस्टेरोन हे त्याच कुळातील द्रव्य मिळविले. अवघे पंधरा मिलिग्रॅम! १९३५ साली ॲम्स्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकोरच्या सहकाऱ्यांनी बैलांच्या शंभर किलो वृषणांतून दहा मिलिग्रॅम शुद्ध स्राव वेगळा केला आणि त्याचे टेस्टोस्टेरोन हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी बुटेनांट व लिओपोल्ड रुझिच्का यांनी कोलेस्टेरॉलपासून ते प्रयोगशाळेतच तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांत वाटले गेले. मात्र हिटलरच्या राजवटीने बुटेनांटला ते नाकारावयास लावले.

द्रव्य मिळाले तरी ते शरीरात पोचवावे कसे? पोटात घेतले की यकृत त्याची विल्हेवाट लावते. म्हणून रसायनज्ञांनी त्याला मेदाम्लाची जोड दिली, तेलात मिसळले आणि स्नायूत टोचले. तेथून ते सावकाश रक्तात झिरपते. आरंभीचे प्रोपिओनेट आठवड्यातून दोन-तीनदा टोचावे लागे. १९५० नंतरच्या दशकात आलेल्या एनांथेटने हे अंतर दोन-तीन आठवड्यांवर नेले, आणि बराच काळ सुईचेच राज्य राहिले. तिचा दोष असा की पहिल्या काही दिवसांत रक्तातील प्रमाण स्वाभाविक मर्यादेपलीकडे चढते आणि पुढच्या सुईपर्यंत खाली घसरते. रुग्णाचा उत्साह व मनःस्थितीही त्याबरोबर हेलकावे खातात. या शतकाच्या आरंभी निघालेली अनडेकॅनोएटची सुई अडीच-तीन महिने पुरते. तिचे वाहन म्हणजे लहानपणी नाक दाबून प्यावे लागणारे एरंडेलच.

त्वचेवाटे औषध देण्याचा मार्ग १९९३ पासून चिकटपट्ट्यांनी खुला झाला. पण पट्टीने कातडी लाल होई, खाजे. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले जेल रोज सकाळी खांद्यावर वा दंडावर चोळावयाचे असते. पाच ग्रॅम लेपात पन्नास मिलिग्रॅम औषध असते व त्याचा साधारण दहावा हिस्सा अंगात मुरतो; म्हणजे निरोगी शरीर दिवसाला निर्मिते जवळपास तितकाच. रक्तातील पातळी त्यामुळे बरीच समतोल राहते, आणि रक्त दाट होण्याचे प्रमाणही सुईपेक्षा कमी दिसते. परंतु लेप महाग पडतो, एक दिवसही चुकवून चालत नाही, आणि तो दुसऱ्याच्या अंगाला लागतो. पित्याच्या स्पर्शाने लहान मुलांत अकाली तारुण्याची लक्षणे दिसल्यावर २००९ साली अमेरिकन शासनाने वेष्टनावर ठळक इशारा छापावयास लावला. हात साबणाने धुवावेत, लेपाची जागा कपड्याने झाकावी, ही खबरदारी त्यामुळे औषधाइतकीच महत्त्वाची ठरते.

वृषण किंवा मेंदूतील पोषग्रंथी रोगाने निकामी झालेल्या पुरुषाला सुई आणि लेप दोन्हीही खरे वरदान आहेत. केवळ वयामुळे थकलेल्यांसाठी हे उपाय मान्य नाहीत, असे अमेरिकन शासनाने २०१५ साली बजावले होते. तरी ब्राउन-सेकारच्या वाटेने जाणारे थांबले नाहीत. त्यांतील तरुणांना एक गोष्ट बहुधा उशिरा कळते. बाहेरून स्राव मिळू लागला की पोषग्रंथी आपला हुकूम मागे घेते, वृषण स्वस्थ बसतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते किंवा थांबते. अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषाला म्हणूनच डॉक्टर सुईही देत नाहीत आणि लेपही नाही. पोषग्रंथीच्या संदेशांची जागा घेणारी दुसरीच औषधे त्याच्यासाठी योजावी लागतात.